पॉइंट आठ

माझी बुलेट १९९३ ची, वडिलांनी घेतलेली. स्टँडर्ड ३५०, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, हेडलाइटच्या डोक्यावर ॲम्पियरचा काटा. गेले दोन महिने तिच्या तीन तक्रारी होत्या. दहातल्या दोन किका ती बॅक मारायची, म्हणजे किकचा दांडा उलटा उसळून घोट्याचा समाचार घ्यायचा. गरम झाली की रेसिंग वर चढायची आणि खाली यायचं नाव घ्यायची नाही. आणि सकाळी थंड असताना मूठ जरा पटकन पिळली की कार्बोरेटरमधून शिंक.

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. मेस्त्रींची बहीण राखी बांधायला आली होती, आणि सोबत त्यांची भाची. ही भाची पुण्यात दुचाकींच्या इंजिनांचं कॅलिब्रेशन करते. कुठल्या वेगाला किती पेट्रोल आणि किती अंशाला ठिणगी, हे लॅपटॉपवर बसून ठरवायचं काम. मामा चाळीस वर्षं डिसमिस आणि पाना घेऊन तेच करतायत. मला वाटलं, आता म्हातारा कानानं लावू म्हणणार आणि पोरगी पुस्तक काढणार. घडलं उलटं. शेडमधल्या फळीवरून तेलकट कव्हरचं कंपनीचं बुक मामांनी काढलं.

मी: मेस्त्री, कार्बोरेटर तेवढा लावून द्या.

मामा: कार्बोरेटरला हात लावायचा न्हाई. आधी पॉइंट, मग टायमिंग, मग कार्बोरेटर. सगळे उलटीकडनं सुरू करतात आणि दिवसभर स्क्रू फिरवत बसतात.

भाची: हे मामाचं बरोबर आहे सर. ठिणगी चुकीच्या वेळी पडत असेल, तर कार्बोरेटर लावून गाडी बरी झाल्यासारखी वाटते, एवढंच.

सिलिंडरच्या मागची गोल टोपी निघाली. आत पॉइंट. दोन धातूचे ठिपके, एकाला खड्डा पडलेला, दुसऱ्याला तेवढंच टेकाड. मामांनी पॉलिश पेपरनं ते सपाट केले, कापडानं पुसले आणि फिलर गेजची पानं उलगडली.

मामा: बुकात हाय ०.३५ ते ०.४०. हितं पॉइंट पंचवीसचं पान पण घासून जातंय. फायबरची टाच झिजली, की गॅप असा कमी होत जातो.

भाची: थांब मामा. गॅप कमी म्हणजे पॉइंट उशिरा उघडणार. उशिरा उघडला तर ठिणगी उशिरा. मग ही गाडी मठ्ठ व्हायला हवी होती. बॅक का मारते?

मामा काही बोलले नाहीत. गॅप ०.३८ च्या आसपास लावला, स्क्रू आवळला, आवळल्यावर पुन्हा मोजला. आवळताना गॅप हलतो हे मला त्या दिवशी कळलं. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, म्हणून हा क्रम मोडता येत नाही. टायमिंग लावून मग पॉइंटला हात लावणं म्हणजे कपडे घालून आंघोळ.

मी: पण पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी का टाकायची? तो वर येतोय, आणि आपण त्याला वरूनच हाणायचं?

भाची: कारण पेट्रोल फुटत नाही सर, जळत जातं. ज्योत प्लगपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत जायला वेळ घेते. समजा दोन मिलिसेकंद. नऊशेच्या आरपीएमला एक फेरा सदुसष्ट मिलिसेकंदांचा, म्हणजे तेवढ्यात क्रँक दहा-अकरा अंश फिरला. साडेचार हजाराला फेरा तेरा मिलिसेकंदांचा. आता त्याच दोन मिलिसेकंदांत क्रँक पन्नासच्या वर अंश जातो. वेगासोबत आतली घुसळण वाढते, ज्योतही भराभर पसरते, त्यामुळे हिशोब इतका सरळ नाही. पण ठिणगी वेगाबरोबर आधी आधी सरकवावी लागते, हे नक्की. सगळा खटाटोप कशासाठी, तर पिस्टन माथ्यावरून उतरायला लागला की थोड्याच अंशांत दाब सगळ्यात जास्त असावा.

मामा: तालमीत गेला असता सर, तर एवढं मिलिसेकंद लागलं नसतं. समोरचा अजून अंगावर चढतोय आणि तुम्ही डाव टाकला, तर तोच तुम्हाला उलटा टाकतो. ती बॅक किक. त्याचा भार सुटला आणि मग टाकला, तर तो आपला निघून जातो, तुम्ही नुसतं हवेत. ती उशिराची ठिणगी. गाडी तापते, सायलेन्सर निळा पडतो, ओढ न्हाई.

(मी मराठी शिकवणारा माणूस. दोन्ही स्पष्टीकरणं मला पटली. मनात राहिलं ते तालमीतलं.)

मग टायमिंग. प्लग काढला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मामा मागचं चाक हातानं सावकाश पुढे फिरवायला लागले. पुढेच, मागे नाही. मागे फिरवलं की गिअरच्या दात्यांमधला ढिलेपणा आकड्यात शिरतो. प्लगच्या भोकात सायकलची आरी, तिच्यावर करवतीच्या पात्यानं पाडलेल्या दोन खुणा. बुकातला आकडा होता ०.८ मिलिमीटर. पिस्टन माथ्यापासून एवढा खाली असताना पॉइंट उघडायला लागला पाहिजे. तो उघडला हे कळतं कसं? मामांनी चावी चालू केली. ॲम्पियरचा काटा वजाकडे झुकला होता. चाक फिरत गेलं, आणि एका क्षणी काटा टुणकन मध्यावर आला. पॉइंट मिटलेला असतो तोवर कॉइल करंट ओढते, काटा वजाकडे. उघडला की ओढ संपली. तीस वर्षं तो काटा मी फक्त बॅटरीसाठी बघत होतो.

भाची: काटा झकास. आरी मात्र फसवते मामा. प्लगचं भोक तिरकं आहे. तुझी आरी तिरकी जाते, पिस्टन सरळ जातो. आरीवरचे आठ दशांश म्हणजे पिस्टनचे आठ दशांश नव्हेत.

मामा: म्हणून तर खुणा दोन हायत. एक बुकाची आणि एक माझी. हेड काढलेल्या इंजिनावर डायल लावून पिस्टन मोजला, मग ह्याच आरीवर खूण केली. तुला वाटलं का, चाळीस वर्षं नुसता अंदाज?

भाची गप्प झाली, पण फार वेळ नाही.

भाची: बरं. पण आकडा एवढासा का, बघ. नव्वद मिलिमीटरचा स्ट्रोक, आणि माथ्याजवळ पिस्टन जवळजवळ थबकलेला. तिथे ०.८ म्हणजे क्रँकचे नऊ-दहा अंश. तू ०.४ वर लावलंस तरी सात अंशांच्या आसपास. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्याही आत तुझी सगळी हुशारी. त्यापेक्षा क्रँकला अंशांची चकती लाव आणि चालू इंजिनावर स्ट्रोब लाइट मार.

मामा: कुठं मारणार? क्रँकचं डावं टोक चेनकेसच्या आत. कव्हर काढून इंजिन चालू केलंस तर तुझ्या ओढणीवर आणि सरांच्या शर्टावर ऑइल.

इथे भाची हसली आणि हात आत घालून पॉइंटचा कॅम दोन बोटांनी पिळला. तो पुढे गेला. सोडला, तर तिथेच राहिला. परत पिळून मागे आणावा लागला.

भाची: मामा.

मामा: बघितलं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

पॉइंटच्या पाट्याखाली ऑटो ॲडव्हान्सची दोन वजनं असतात, दोन बारीक स्प्रिंगांनी ओढून धरलेली. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, कॅम पुढे सरकतो, ठिणगी आधी पडते. वेग उतरला की स्प्रिंगांनी कॅम मागे आणायचा. माझ्या गाडीत एका वजनाची खीळ गंजलेली आणि एक स्प्रिंग ताणून लांबलेली. वजनं बाहेर जायची, परत येताना अडकायची. गरम झाल्यावर रेसिंग वर बसायची ती ह्यानं, आणि अडकलेल्या जागी गाडी बंद केली, तर पुढची किक पायावर. गॅप कमी झाल्यामुळे जी ठिणगी उशिरा पडायची, ती अडकलेल्या वजनामुळे कैक अंश आधी पडत होती. एका चुकीवर दुसरी चूक बसली होती आणि मी दोघींना मिळून कार्बोरेटर म्हणत होतो.

रॉकेलनं धुणं, खिळीवर ऑइलचा थेंब, खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यातून दुसरी स्प्रिंग. कॅम पिळला की आता चुटकीसरशी मागे येत होता. मामांनी त्याला मागच्या टोकाला धरून टायमिंग ०.८ वर लावलं आणि पाटी आवळली. प्लग घासून साफ झाला आणि जागेवर बसला. पहिल्या किकला गाडी चालू. रेसिंग खाली आली आणि राहिली.

मामा: बघ. बुक बरोबर निघालं का न्हाई?

भाची: तिथे निघालं. आता थोडी थंड होऊ दे, आणि मूठ पीळ.

अर्ध्या तासानं पिळली. शिंक.

इथून खरं भांडण सुरू झालं, आणि ते माझ्या गाडीचं राहिलं नाही.

मामा: एअर स्क्रू दीड फेरा. सुई मधल्या खाचेत. जेट कंपनीचे. सगळं बुकाप्रमाणं हाय.

भाची: बुक लिहिलं तेव्हाचं पेट्रोल आता मिळत नाही मामा. त्यात शिसं होतं, ते २००० साली देशभर बंद झालं. आता पंपावर ई-२० आहे, शंभरात वीस भाग इथेनॉल. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवा लागते पावणेपंधरा भाग, वजनानं. इथेनॉलला लागते नऊ. कारण ऑक्सिजन त्याच्या पोटातच आहे. दोन्ही मिसळलं की तुझा कार्बोरेटर तेवढाच रस देतो, पण हवा सात-आठ टक्के जास्त पडते. गाडी भुकेली राहते आणि शिंकते. माझ्या इंजेक्शनच्या गाडीला सायलेन्सरमध्ये सेन्सर आहे, ती स्वतः मोजून रस वाढवते. ह्या बिचारीला कोण सांगणार?

मामा: इथेनॉलला नावं ठेवू नको. माझा दीड एकर ऊस कारखान्याला जातो. बिल त्याच्यातनंच येतंय.

भाची: नावं कुठे ठेवली? ऊस तुझा, मळी तुझी, इथेनॉल तुझं. फक्त कार्बोरेटरला कळवायचं राहिलंय.

मामा: आणि हवा बाहेरनं आत शिरत असली तर? तू डायरेक्ट पेट्रोलवर घसरलीस.

हा मुद्दा त्यांचा होता आणि तो आधी तपासणं भागच होतं. कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडावर मामांनी चालू इंजिनात ऑइलचे थेंब सोडले. भेग असती तर ऑइल आत ओढलं गेलं असतं, आवाज बदलला असता. बदलला नाही. मग त्यांनी एअर फिल्टरची नळी काढली, कार्बोरेटरचं तोंड अंगठ्यानं थोडं झाकलं आणि मला मूठ पिळायला सांगितली. शिंक नाही. हवा कमी केली तर गाडी खूश, म्हणजे रस कमी पडत होता. मामांनी अंगठा काढला आणि बुकाकडे बघितलं.

भाची: आता?

मामा: आता ऐक. बुक चुकतंय असं मी म्हणत न्हाई, आणि तू बरोबर हाईस हे पण म्हणतो. पण मी बुक का धरून बसतो, तुला ठाऊक न्हाई. माझ्याकडं येणारी गाडी आधी चार जणांच्या कानानं लावलेली असती. एकानं जेटमध्ये तार घालून भोक मोठं केलं. दुसऱ्यानं ते झाकायला सुई खाली केली. तिसऱ्यानं टायमिंग मागं नेलं, कारण गिऱ्हाइकाला आवाज पायजे. चौथ्यानं एअर स्क्रू आवळून टाकला. प्रत्येकाचा कान बरोबरच होता. आणि मी काय करायचं? मला उभं राहायला एक जागा पायजे. ती बुकात हाय. तिथनं किती सरकलो, ते मला सांगता येतं.

मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात शहाणं बोलणं हे होतं. भाचीनंही ते तसंच घेतलं असावं, कारण तिचा सूर उतरला.

भाची: मग सरक, आणि मोजून सरक. जेटला हात नको लावूस. सुईची क्लिप एक खाच खाली घे, म्हणजे सुई एक खाच वर येईल. पाऊण मुठीपर्यंतचा बहुतेक मामला तिच्याकडे. एअर स्क्रू अर्धा फेरा आत. तो मूठ उघडतानाच्या सुरुवातीपुरता. दोन्ही परत आणता येतं.

क्लिप खाली म्हणजे सुई वर, आणि ह्या कार्बोरेटरात हवेचा स्क्रू आत म्हणजे रस जास्त. दोन्ही ठिकाणी मी उलटंच समजलो असतो. मामांनी क्लिप सरकवली. त्या बारीक पितळी सुईला पाच खाचा असतात, आणि बुलेटचा सगळा मधला स्वभाव त्यांतल्या एकीवर लटकलेला असतो. स्क्रू दीडवरून एकवर. मग त्यांनी वाटी सोडून कार्बोरेटरातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. तळाशी वेगळा थर नव्हता. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली आणि पाणी शिरलं, की इथेनॉल पाण्याला धरून खाली बसतं. मग कितीही खाचा बदला.

गाडी चालू केली, मूठ पिळली. शिंक गेली.

मी (इतका वेळ धरून ठेवलेलं): आता तेवढा आवाज. जुना, संथ. धड... धड... धड. वडील चालवायचे तसा.

दोघं एकदम माझ्याकडे वळली. दिवसभरात एवढं एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं.

मामा: तुमच्या वडिलांच्या वेळी पण मी लावत हुतो गाडी. एवढी संथ कधीच नव्हती, तुम्ही लहान हुता.

भाची: सर, त्या आवाजासाठी लोक टायमिंग मागे नेतात आणि रेसिंग पाडतात. ऑइलचा पंप क्रँकवरून चालतो. क्रँक सावकाश, तर वरच्या रॉकरपर्यंत ऑइलही सावकाश. उभ्या उभ्या तुम्ही ते ऐकत बसणार आणि वर रॉकर कोरडे.

मामांनी थ्रॉटलचा स्क्रू थोडा आत घेऊन रेसिंग मुद्दाम माझ्या आवडीच्या वर ठेवली.

संध्याकाळी पन्हाळ्याला. गाडी मी चालवत होतो, भाची मागे, मामा त्यांच्या स्कूटरवर. वाघबिळाच्या पुढे चढ लागतो तिथे तिसऱ्या गिअरात मूठ पूर्ण उघडी ठेवून गेलो. ओढ होती, आणि ती मला पाठीत कळत होती. वर जायच्या थोडं आधी भाचीनं खांद्यावर थाप मारली. ठरल्याप्रमाणे क्लच ओढला, इंजिन बंद केलं, कडेला थांबलो. तापलेला प्लग फडक्यात धरून निघाला. कोल्हापूरपेक्षा साधारण चारशे मीटर वर आलो होतो.

मामा: बिस्किटाचा रंग. झाली गाडी.

भाची: रंगावर जाऊ नको. आताचं पेट्रोल प्लगवर फारसा रंगच सोडत नाही, आणि एवढ्या अंतरात बसतही नाही. चिनी मातीच्या मुळाशी आत काळपट कडं आहे का ते बघ. आहे. बारीक आहे, म्हणजे पूर्ण उघड्या मुठीला अजून जरा कमी पडतंय. मेन जेट एक नंबर मोठा चालेल.

मामा: जेटला हात न्हाई म्हणालीस.

भाची: तारेनं भोक मोठं करायचं नाही म्हणाले. नवा जेट घाल.

मामा: आणि वर हवा विरळ, तिथं जास्त रस झाला तर?

भाची: एवढ्याशा उंचीनं दोनेक टक्क्यांचा फरक. पण वर तुझं बुक जरा जास्त खरं, हे कबूल.

जेटचं भांडण तसंच राहिलं. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत जुनाच राहील, असं मामांनी जाहीर केलं. पुण्याहून आपण नवा पाठवून देणार, असं भाचीनं. चहा पिताना मामांनी बुक उघडलं आणि शाईपेन मागितलं. माझ्याकडे होतं. ०.८ च्या बाजूला काही लिहिलं नाही. सुईच्या ओळीपुढे 'ई-२०, एक खाच' आणि तारीख लिहिली. पान उलटताना मला दिसलं, ह्याआधीच्याही दोन-तीन तारखा तिथे होत्या.

रात्री गाडी घरी लावली. शेजारी झोपलेले. हेडलाइट चालू होता, इंजिन चालू होतं, आणि खिशात कसा कोण जाणे मामांचा छोटा डिसमिस आला होता. थ्रॉटलचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेतला. धड... धड... धड. अगदी तोच. काही वेळ मी तसाच उभा राहिलो. मग सहज काट्याकडे नजर गेली. तो वजाकडे कलला होता.

पाव फेरा परत आत घेतला आणि गाडी बंद केली.